पाच दिवसांचं बाळ आणि देवाची राई

ही गोष्ट इतकी जुनी आहे, की ज्या डोंगराच्या कुशीत ती घडली त्याचं नावसुद्धा आता कुणाला आठवत नाही. पण गोष्ट अजून सांगतात. आणि सांगताना चांगली धीट माणसंही जरा आवाज खाली आणतात.

नदीकाठी एक गाव होतं. चाळीसेक घरं, मधोमध रायनाथाचं देऊळ आणि पाठीमागच्या टेकडीवर देवाची राई. राई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं दाट रान. तिथल्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, खाली पडलेली काटकी उचलायची नाही आणि कौल मिळाल्याशिवाय राईची शीव ओलांडायची नाही, असा तिथला दंडक. घरात मूल जन्मलं की दहा दिवस सोयर, म्हणजे देवाच्या कामाला विटाळ. तसल्या बाळंतिणीनं तर राईकडे तोंड करूनसुद्धा उभं राहायचं नाही.

कौल म्हणजे काय, तेही सांगते. देवळात रायनाथाची काळ्या पाषाणाची मूर्ती होती. कुणाला काही विचारायचं असलं, की गुरव मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर एकेक ओली पाकळी चिकटवायचा आणि देवाला गाऱ्हाणं घालायचा. उजवी पाकळी आधी पडली की देव 'हो' म्हणाला. डावी पडली की 'नाही' म्हणाला. आणि तीनदा गाऱ्हाणं घालूनही काहीच पडलं नाही, तर देव बोलत नाही असं समजायचं आणि कुणी जागचं हलायचं नाही. पेरणी, लग्न, घराची चौकट, सगळं कौलावर. एकदा म्हणे एका घराचं आढं मोडलं, तर घरची माणसं कौल पडेपर्यंत चार दिवस त्याच मोडक्या आढ्याखाली झोपली. हसू नका. भ्यालेली माणसं असंच करतात.

आणि सगळ्यात जास्त भ्यालेला कोण? तर खुद्द गुरव.

रवळू त्याचं नाव. तो पहाटे उठून थंडगार पाण्यानं अंघोळ करायचा. गाऱ्हाण्यातला एक शब्द चुकला तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. समईची वात नुसती फडफडली तरी त्याचं धाबं दणाणायचं. चावऱ्या कुत्र्यासमोरून माणूस जसा दबकत जातो, तसा तो गाभाऱ्यात वावरायचा. लोक म्हणायचे, "भक्ती असावी तर रवळूगुरवासारखी!" ते ऐकून तो मान खाली घालायचा. ही भक्ती नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

त्याचं कारण त्याच्या बायकोशिवाय कुणाला माहीत नव्हतं. वीस वर्षांपूर्वी रवळूला पहिला मुलगा झाला होता. मुलगा तीन महिन्यांचा असताना एक वासरू दावं तोडून राईत घुसलं. रवळू त्याच्यामागे धावला. धावण्याच्या नादात कौल नाही, काही नाही, तो थेट आत शिरला आणि वासराला ओढून बाहेर घेऊन आला. कुणी बघितलं नाही. काही झालं नाही. पण आठव्या दिवशी मुलाला ताप भरला आणि अकराव्या दिवशी मूल गेलं. तेव्हापासून रवळूच्या डोक्यात एकच बसलं होतं. मी शीव ओलांडली, म्हणून देवानं माझं लेकरू नेलं.

त्याची बायको भागीरथी. ती वेगळ्याच मातीची बाई. ती देवळात झाडलोट करायची आणि झाडता झाडता देवाशी खुशाल बोलायची. "काय रे बाबा, रात्री फार डास चावले का? आज भाजीला मीठ कमी पडलंय, तेवढं चालवून घे." हे कानावर आलं की रवळू धावत यायचा.

"अगं, देव आहे तो! जीभ आवर जरा."

"देव आहे म्हणून तर बोलते. भिंतीशी कशाला बोलेन?"

बायकोचं हे असं, आणि नवऱ्याचं ते तसं. पण संसार चालला होता. त्यांची मुलगी मंजुळा त्या वर्षी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि तिला मुलगी झाली होती. नात पाच दिवसांची झाली तरी रवळूनं तिला हात लावला नव्हता. पूजेला सोयर नको म्हणून तो देवळातच राहत होता, असं तो सांगायचा. खरी गोष्ट अशी, की त्याला भीती वाटत होती. आपण या पोरीवर माया केली तर ते देवाच्या लक्षात येईल, असं त्याला वाटायचं. आजोबा असून बिचारा घराच्या अंगणात उभा राहून लांबूनच तिचं रडणं ऐकायचा आणि मुकाट परत जायचा.

पावसाळा सरत आला होता, पण त्या वर्षी जाता जाता पाऊस चवताळला. चार दिवस धार तुटली नाही. नदी दोन्ही काठ खात वाहत होती. घरात बोलायचं तर तिच्या आवाजावर आवाज चढवावा लागायचा. आणि पाचव्या दिवशी दुपारी तो आवाज एकाएकी बसला.

पाऊस तसाच कोसळत होता, आणि नदी आटत चालली होती.

लोक घोंगड्या पांघरून काठावर आले. बघता बघता पात्रातले खडक उघडे पडले. चिखलात मासे तडफडू लागले. भर पावसात नदी आटते, असं कुणी आजवर पाहिलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. तरी काही जण टोपल्या घेऊन मासे गोळा करायला खाली उतरलेच. माणसाची जात!

तेवढ्यात पलीकडच्या डोंगरावरून बिरू धनगर धावत आला. कोरड्या पडलेल्या पात्रातूनच तो ओरडला, "मासे कसले धरताय? वर कडा कोसळलाय! सगळी नदी तटलीय. दगडमातीचा बांध झालाय आणि मागे पाणी साठत चाललंय. तो बांध आता फुटेल, मग फुटेल. वर पळा, वर!"

एवढं सांगून तो थांबला नाही. त्याची बायकापोरं डोंगराच्या त्या अंगाला होती. तो आल्या वाटेनं परत पळाला.

वर पळा. पण वर कुठं? तीन बाजूंनी नदीचं वळण आणि सपाट शेतं. चौथ्या बाजूला एकच टेकडी. आणि टेकडीवर देवाची राई.

कुणी कुणाकडे बघेना. बायकांनी मुलं उराशी धरली. गावचा मानकरी अंतोबा पुढे झाला. म्हातारा, करारी माणूस. गावात त्याचा शब्द कुणी मोडत नसे.

"कौल घ्या," अंतोबा म्हणाला. "देवाची आज्ञा झाली तर जाऊ. नाहीतर जे होईल ते होईल."

सगळं गाव देवळात कोंडलं. पावसानं देऊळ आतून बाहेरून ओलं झालं होतं. मूर्तीवर दव धरावं तसं पाणी धरलं होतं. रवळूनं दोन पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. "बा देवा रायनाथा, लेकरं संकटात आहेत. तुझ्या राईत पाय ठेवायची आज्ञा असली तर उजवा दे."

पाकळ्या हलल्या नाहीत.

त्यानं दुसऱ्यांदा गाऱ्हाणं घातलं. मागे कुणीतरी हुंदका दिला, त्याला बाकीच्यांनी गप्प केलं. पाकळ्या हलल्या नाहीत. तिसऱ्या वेळी रवळू मधेच थांबून उजव्या पाकळीकडे बघत राहिला. त्याच्या मनात एक भलताच विचार येऊन गेला. नुसतं बोट लावलं तर? उजवी पाकळी टपकन पडेल आणि सगळं गाव टेकडीकडे धावेल. पण लगेच त्यानं हात पाठीमागे घेतला. त्यानं तिसरं गाऱ्हाणं कसंबसं पुरं केलं आणि वाट बघितली.

काही पडलं नाही.

"देव बोलत नाही," अंतोबा म्हणाला. "म्हणजे इथंच थांबायचं. बसा सगळे."

आणि माणसं बसली हो! पाणी येणार हे ठाऊक असून ती ओल्या फरशीवर खाली बसली.

तेवढ्यात भागीरथी गर्दीतून वाट काढत गाभाऱ्याशी आली. ती नखशिखांत भिजलेली होती. "अहो, चला लवकर," ती रवळूला म्हणाली. "मंजुळेला उठवून बसवलंय, पण तिला एकटीला चालवत नाही. मी तिला धरते. बाळ तुम्ही घ्या."

"कौल पडला नाही."

"ओल्या दगडाला ओली पाकळी चिकटलीय. ती पडेल कशी?"

"भागू, सोयर आहे घरात! पाच दिवसांचं मूल राईत न्यायचं? मागे काय झालं ते तुला माहीत आहे."

"मला माहीत आहे," भागीरथी म्हणाली. "आणि इथं थांबलो तर काय होणार तेही मला माहीत आहे. तुम्ही नाही आलात तर मी दोघींना ओढत नेईन, पण नेईन."

ती गेली. रवळू तिथंच उभा राहिला. मागे देवाची भीती, पुढे पाण्याची भीती, आणि मध्ये त्याच्या जिवाचं पाणी पाणी झालेलं. देवळाच्या दारातून त्याला ती दिसत होती. पदर कमरेला खोचून, चिखलात घसरत, घराकडे एकटी निघालेली. त्याला काही ठरवता आलं नाही, पण त्याचे पाय निघाले.

दारात तो वळला. "गाववाल्यांनो, कौल पडलेला नाही. मी खोटं सांगणार नाही. पण मी माझ्या माणसांना घेऊन राईत जातोय. शाप लागायचा असला तर शीव ओलांडणारा मी आहे. यायचं त्यांनी या."

निम्मं गाव त्याच्यामागे निघालं. निम्मं अंतोबाजवळ बसून राहिलं.

घरी जाऊन रवळूनं नातीला पहिल्यांदा हातात घेतलं. केवढीशी ती! फडक्यात गुंडाळलेलं, ऊन ऊन, हलतं गाठोडं. त्यानं तिला घोंगडीच्या आत धरलं आणि तो टेकडी चढू लागला. तिच्या तोंडाकडे बघायचं त्यानं टाळलं. वर झाडांचा काळोख दिसत होता. वाऱ्यानं फांद्या घुसळत होत्या आणि प्रत्येक फांदी आपल्याकडेच बोट दाखवतेय, असं त्याला वाटत होतं.

शिवेवर दगडांची ओळ होती. भागीरथी मंजुळेला कवेत धरून ती ओळ ओलांडून गेली. ती क्षणभर थांबलीसुद्धा नाही. रवळूचे पाय मात्र दगडांशी येऊन रुतले. मागे माणसांची रांग खोळंबली होती. लहान मुलं भिजून कुडकुडत होती. त्यानं डोळे मिटले, दात आवळले आणि पाऊल टाकलं.

काहीच झालं नाही. पाऊस पडत होता, पानं निथळत होती, बस्स.

त्यानं रवळू आणखीच भ्याला. त्या वेळीसुद्धा लगेच काही झालं नव्हतं. आठ दिवसांनी झालं होतं.

सगळी माणसं आत येऊन टेकतात न टेकतात, तोच डोंगराच्या पोटातून घरघर ऐकू आली. मग जमीन हादरली. मग पाणी आलं. त्याला पाणी तरी कसं म्हणावं? झाडं, दगड, चिखल, सगळं घेऊन एक तांबडी भिंतच गावावर चालून आली. पहिल्या लोंढ्यात काठावरची घरं गेली. गोठ्यातल्या गुरांचा हंबरडा वरपर्यंत ऐकू आला आणि थांबला.

देवळात बसलेली माणसं आता जीव घेऊन टेकडीकडे धावत सुटली होती. मधलं शेत पाण्याखाली जात होतं. वरच्या माणसांनी आपली पागोटी सोडली, एकमेकांना गाठी मारून त्यांचा दोर केला आणि खाली सोडला. त्याला धरून एकेक माणूस वर ओढलं. सगळ्यांत शेवटी अंतोबा आला. पाणी त्याच्या छातीला लागलं होतं. रवळूनं एका हातानं झाड धरलं आणि दुसऱ्या हातानं त्याला दगडांच्या ओळीशी खेचलं. शिवेवर येऊन अंतोबा थबकला.

"कौल पडला का?" त्यानं धापा टाकत विचारलं.

"नाही."

"मग?"

"मग काय? या वर!"

अंतोबानं मागे पाण्याकडे पाहिलं आणि तो मुकाट्यानं आत आला. माणसं मोजली. एकही कमी नव्हतं. गुरं गेली होती, घरं गेली होती, पण माणसं सगळी होती. एवढं होऊनही कुणाच्या तोंडावर हसू नव्हतं. सगळे झाडांकडे बघत होते. पाण्यातून वाचलो, आता देवाच्या तावडीत सापडलो, असं जो तो मनात म्हणत होता.

राईच्या मध्यावर एक जुनाट वड होता. त्याच्या खोडात माणूस बसेल एवढी ढोली होती. तिथं भागीरथीनं मंजुळेला बसवलं होतं आणि बाळ तिच्याजवळ दिलं होतं. दिवस कलत आला तशी हवा गार पडली. आणि ढोलीतून मंजुळेची हाक आली.

"आये, ही रडत नाहीये गं. दूधही ओढत नाहीये."

रवळूनं धावत जाऊन बघितलं. बाळाचे ओठ निळे पडले होते. पाय बर्फासारखे गार. छाती हलतेय की नाही, तेसुद्धा कळत नव्हतं.

"आला," तो म्हणाला. "न्यायला आला तो."

आणि कुणाला काही कळायच्या आत त्यानं बाळ उचललं आणि तो शिवेकडे चालू लागला. मंजुळा किंचाळली. पण लोक बाजूला सरकले. कुणी त्याला अडवलं नाही. मी तुम्हाला खरं सांगते, त्यातल्या कित्येकांना वाटलं, हा करतोय ते बरोबर आहे. एक मूल बाहेर गेलं की देवाचा राग शांत होईल आणि आपण सुटू. भीतीनं माणूस किती खाली जातो, ते त्यांचं त्यांनासुद्धा कळलं नाही.

शिवेच्या दगडांशी पाणी घोंगावत होतं. तिथं भागीरथी पुढे धावत येऊन वाट अडवून उभी होती.

"बाजूला हो," रवळू म्हणाला. "हिला बाहेर नेलं तर तो सोडेल हिला. अजून वेळ आहे."

"बाहेर कुठं? बाहेर पाणी आहे."

"मी उभा राहीन पाण्यात हिला घेऊन. माफी मागेन त्याची."

"कुणाची?"

"देवाची!"

"कसला देव हो तो? पाच दिवसांचं पोर गारठून निळं पडलंय, आणि तो वर बसून कुणी शीव ओलांडली ते बघतोय? असा माणूस गावात असता, तर तुम्ही त्याच्या दारात पाणी प्यायला नसतात. आणि त्याला तुम्ही रोज फुलं वाहता?"

"हळू बोल. तो ऐकेल."

"ऐकू दे की! त्याच्यासमोरच बोलतेय मी. जन्म गेला तुमचा त्याच्या पायाशी. इतकी वर्षं त्याच्याजवळ राहून तुम्हाला त्याचा स्वभाव कळला नाही?"

भागीरथीचा आवाज आता फुटला होता. "मलाही भीती वाटते. ही जगेल का, मला माहीत नाही. आपलं बाळ गेलं तेव्हा मीही त्याला वाट्टेल ते बोलले, महिनाभर त्याच्यापुढे दिवा लावला नाही. पण तो आपल्या जिवावर टपलाय, असं मला कधी वाटलं नाही. या पोरीला कुणाची माफी नको आहे. हिला ऊब पाहिजे. द्या इकडे."

तेव्हा कुठं रवळूनं नातीच्या तोंडाकडे बघितलं. मिटलेले डोळे. एवढंसं नाक. हिनं कुणाचं काय बिघडवलं होतं? त्याचे हात सैल पडले. भागीरथीनं बाळ घेतलं, पदराआड आपल्या उघड्या छातीशी धरलं आणि ती ढोलीकडे पळाली.

"जाळ करा कुणीतरी!" ती ओरडली.

पण जाळ कशाचा करणार? सगळं रान भिजलेलं. कोरडं लाकूड होतं ते फक्त वडाच्या ढोलीत. ढोलीच्या आत घुसलेल्या फांद्या वाळून खडखडीत झाल्या होत्या. देवाच्या राईतलं, देवाच्या झाडाचं लाकूड. जिथली काटकी उचलायची नाही, तिथली फांदी मोडायची!

कुणी पुढे येईना. रवळू आला.

त्यानं एका वाळक्या फांदीवर हात ठेवला. विचारायला मूर्ती नव्हती. पाकळ्या नव्हत्या. गाऱ्हाण्याचे सगळे शब्द तो विसरला होता. तो म्हणाला, "देवा, हे तुझं लाकूड आहे. ही पोरही तुझीच आहे. मी विचारत नाही, सांगतोय. मी मोडतो."

फांदी काडकन मोडली. माणसांनी कानांवर हात ठेवले. आणि नेमका त्याच वेळी लांबच्या डोंगरावर ढगांचा गडगडाट झाला. दोन-तीन बायका जमिनीवर आडव्याच पडल्या.

पण रवळूनं दुसरी फांदी मोडली. मग तिसरी. समई लावण्यासाठी त्याच्या कनवटीला चकमक असायची, आणि कापूस. कापूस दमट झाला होता. ठिणगी पडायची आणि विझायची. बोटांतून रक्त आलं तरी तो चकमक झाडत राहिला. शेवटी धूर निघाला, ढलपी पेटली आणि ढोलीच्या तोंडाशी जाळ उभा राहिला.

भागीरथी बाळाचे तळपाय चोळत होती. मंजुळा देवाचं नाव घेत होती. रवळू लाकडं मोडून जाळात घालत होता आणि आपलेच श्वास मोजत होता. दहा श्वास. वीस श्वास. बाळ हलत नव्हतं. आजूबाजूला सगळं गाव उभं होतं. रवळूला वाटलं, संपलं. तरी त्यानं लाकूड घालायचं थांबवलं नाही. ही गेली तरी हिला गार पडू देणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं. अन् खरं सांगायचं तर, तेव्हा तो देवाला भ्यायचंच विसरला होता.

बाळाच्या घशातून आधी बारीकसा आवाज आला. मग एक उचकी. आणि मग ते पोर असं काही कडाडून रडलं, की ढोलीवरची पाखरं उडाली.

मंजुळेनं तिला पदराखाली घेतलं. बाळ चुटूचुटू दूध ओढू लागलं.

रवळू जाळासमोर मटकन खाली बसला आणि लहान मुलासारखा ओक्साबोक्शी रडू लागला. "देवा, वीस वर्षं," तो म्हणत होता. "वीस वर्षं मी तुला लेकरं मारणारा समजलो. आणि तसा समजून तुझी पूजा करत राहिलो. तुला किती लागलं असेल रे ते!"

लोकांना काही कळेना. तेव्हा त्यानं त्यांना वासराची गोष्ट सांगितली, मुलाची सांगितली, काही लपवलं नाही. तो बोलायचा थांबला तेव्हा जाळाच्या पलीकडून अंतोबाचा आवाज आला.

"त्याच वर्षी ना? तापाच्या साथीत?" अंतोबा म्हणाला. "माझी पोरगी गेली तेव्हा. सात वर्षांची होती. त्या वर्षी डावा कौल पडूनही मी विहीर खोदायला घेतली होती. मला वाटलं, म्हणून ती गेली. तेव्हापासून मी कौलाबाहेर एक पाऊल टाकलं नाही, रवळू, आणि कुणाला टाकू दिलं नाही."

मग एक म्हातारी पुढे सरकली. त्याच साथीत तिचा नातू गेला होता. तिनं नैवेद्याआधी त्याला घास भरवला होता, म्हणून तो गेला, असं तिला वाटत आलं होतं. मग कुंभारीण बोलली. मग आणखी दोघं. असं करत त्या जाळाभोवती सहा माणसांनी आपापला गुन्हा सांगितला. सहा लेकरं गेली होती, सहा गुन्हे होते, आणि ताप मात्र एकच होता. वीस वर्षं एकाच गावात, भिंतीला भिंत लावून राहून त्यांनी हे एकमेकांना सांगितलं नव्हतं. जो तो आपल्या घरात एकटाच देवाला भीत बसला होता.

त्या सगळ्यांनी आपल्या गेलेल्या लेकरांची नावं घेतली आणि ती वीस वर्षांत पहिल्यांदा मन मोकळं करून रडली.

पाणी तिसऱ्या दिवशी उतरलं. गाव पुन्हा उभं राहिलं. राई तशीच राखली गेली, कौलही लावले गेले. पण जीव वाचवायचा असला, तर देवाला विचारत बसायचं नाही, असा नवा दंडक गावानं घालून घेतला. आणि रवळूची नात? ती त्याच गावात मोठी झाली, आणि तिला कुणीही, कशाचीही, देवाचं नाव घेऊन भीती घातली नाही.

तात्पर्य : ज्या देवाला आपण नुसते भितो त्याला आपण ओळखलेलंच नसतं; त्याच्या चांगुलपणावर भरवसा ठेवून, भीत भीत का होईना, दुसऱ्याचा जीव वाचवायला पाऊल उचलणं हीच त्याची खरी पूजा.